महमूद अल-काश्गरी

महमूद अल-काश्गरी (पूर्ण नाव: महमूद इब्न अल-हुसैन इब्न मुहम्मद अल-काश्गरी) हे अकराव्या शतकातील कोशकार, व्याकरणकार आणि तुर्की बोलींचे पहिले मोठे अभ्यासक होते. अरबी जाणणाऱ्या वाचकांना तुर्की भाषा शिकता यावी यासाठी त्यांनी बगदाद येथे 'दिवान लुगात अत-तुर्क' (तुर्कांच्या बोलींचा संग्रह) हा ग्रंथ अरबी भाषेत सिद्ध केला. हा ग्रंथ तुर्की भाषांचा ज्ञात असलेला पहिला सर्वसमावेशक कोश मानला जातो. शब्दार्थांबरोबरच व्याकरणाचे नियम, बोलींमधील भेद, म्हणी, लोककाव्य, चालीरीती आणि जगाचा एक नकाशा यांचाही त्यात समावेश आहे. ग्रंथाची एकच हस्तलिखित प्रत आज उपलब्ध असून ती इस्तंबूल येथे जतन केलेली आहे.

पार्श्वभूमी

काश्गरी यांचा काळ हा मध्य आशियातील तुर्की सत्तांच्या उदयाचा काळ होता. काराखानी घराण्याने दहाव्या शतकात इस्लामचा स्वीकार केला आणि इ.स. ९९९ मध्ये बुखारा जिंकून सामानी राजवट संपुष्टात आणली. काश्गर आणि बालासागुन ही काराखानी राज्याची प्रमुख केंद्रे होती. काश्गरमध्येच इ.स. १०६९-७० च्या सुमारास यूसुफ खास हाजिब यांनी 'कुतद्गु बिलिग' हे नीतिपर दीर्घकाव्य तुर्की भाषेत पूर्ण केले.

पश्चिमेकडे ओगुझ तुर्कांपैकी सेल्जुक घराण्याने इराण ताब्यात घेतला होता. सेल्जुक सुलतान तुघरिल याने इ.स. १०५५ मध्ये बगदादमध्ये प्रवेश केला. तेव्हापासून अब्बासी खलिफाकडे धार्मिक मान राहिला, मात्र लष्करी सत्ता तुर्कांच्या हाती गेली. इ.स. १०७१ मध्ये मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुकांनी बायझंटाईन सम्राटाचा पराभव केला. अशा रीतीने राज्य तुर्कांचे झाले, परंतु धर्म आणि विद्या यांची भाषा अरबी, तर दफ्तर आणि दरबारी काव्य यांची भाषा फारसी राहिली. सत्ताधाऱ्यांच्या मातृभाषेला विद्वानांच्या जगात फारशी प्रतिष्ठा नव्हती. काश्गरी यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

जीवन

काश्गरी यांच्या जीवनाविषयीची जवळजवळ सर्व माहिती त्यांच्या ग्रंथातील विखुरलेल्या उल्लेखांवरून मिळते. समकालीन चरित्रकोशांत त्यांचे चरित्र आढळत नाही. जन्माचे वर्ष निश्चित ज्ञात नाही. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव बार्सगान हे होते. ते इसिक-कुल सरोवराच्या काठी, आजच्या किर्गिझस्तानात होते. आपले पूर्वज सामान्यांकडून प्रदेश जिंकणाऱ्या अमिरांपैकी होते, असे काश्गरी यांनी नमूद केले आहे. त्यावरून ते काराखानी राजघराण्याशी संबंधित असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ओमेल्यान प्रित्साक या इतिहासकाराने त्यांची वंशावळ जुळवण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मते इ.स. १०५७ च्या सुमारास राजवाड्यातील कटात या कुटुंबातील अनेक जण मारले गेले आणि महमूद यांना देश सोडावा लागला. हे मत व्यापक प्रमाणात उद्धृत केले जाते, तथापि काश्गरी यांनी स्वतः आपल्या देशांतराचे कारण सांगितलेले नाही.

देश सोडल्यानंतर त्यांनी तुर्की जमातींच्या प्रदेशांत दीर्घकाळ प्रवास केला. तुर्क, तुर्कमान, ओगुझ, चिगिल, यग्मा आणि किर्गिझ यांच्या बोली आपण त्यांच्यात राहून शिकलो, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आपल्या कुलीनतेचा, भाषाप्रभुत्वाचा आणि भालाफेकीतील कौशल्याचा उल्लेखही त्यांनी तेथे निःसंकोचपणे केला आहे. त्यांचे अरबी भाषेवरील प्रभुत्व आणि अरबी व्याकरणपरंपरेचे ज्ञान पाहता त्यांचे पारंपरिक शिक्षण उत्तम झाले असले पाहिजे.

पुढे ते बगदादला आले. ग्रंथलेखनास इ.स. १०७२ मध्ये प्रारंभ झाला. ग्रंथ पूर्ण झाल्याच्या तारखा हस्तलिखितात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या येतात, त्यामुळे त्यावर पुढील काही वर्षे संस्कार होत राहिले असे दिसते. ग्रंथ अब्बासी खलिफा अल-मुक्तदी याला अर्पण केलेला आहे. अल-मुक्तदी इ.स. १०७५ मध्ये खलिफा झाला, म्हणून अर्पणपत्रिका त्यानंतरची असली पाहिजे.

काश्गरी यांच्या उत्तरायुष्याबद्दल विश्वसनीय नोंदी नाहीत. परंपरेनुसार ते मायदेशी परतले आणि काश्गरच्या नैऋत्येस असलेल्या ओपाल या गावी त्यांनी अध्यापन केले. तेथे त्यांची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे.

दिवान लुगात अत-तुर्क

उद्देश

प्रस्तावनेत काश्गरी यांनी तुर्की भाषा का शिकावी याची कारणे दिली आहेत. तुर्कांचे राज्य दीर्घकाळ टिकणार असल्याने त्यांची भाषा शिकावी, अशा आशयाची एक हदीस आपण बुखारा आणि निशापूर येथील विद्वानांकडून ऐकल्याचे ते सांगतात. ती हदीस अस्सल असल्यास ही भाषा शिकणे हे धार्मिक कर्तव्य ठरते आणि नसल्यास व्यवहारज्ञानाचीही तीच मागणी आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नंतरच्या विद्वानांनी ही हदीस प्रमाण मानलेली नाही. काश्गरी यांनी युक्तिवादाची दुसरी बाजू अगोदरच मांडून ठेवल्यामुळे ग्रंथाचे प्रयोजन केवळ त्या हदीसवर अवलंबून राहत नाही.

तुर्की ही अरबीच्या तोडीची भाषा आहे, हे दाखवणे हाही ग्रंथाचा हेतू होता. शर्यतीत बरोबरीने धावणाऱ्या दोन घोड्यांची उपमा त्यांनी या दोन भाषांना दिली आहे.

रचना

ग्रंथात सुमारे ७,५०० शब्दनोंदी आहेत. त्यांची मांडणी अरबी कोशपरंपरेनुसार आठ भागांत केलेली असून प्रत्येक भागात प्रथम नामे आणि नंतर क्रियापदे येतात. शब्दातील व्यंजनांची संख्या, स्वरांचा आकृतिबंध आणि अंत्य व्यंजन यांनुसार क्रम लावलेला आहे. अरबी शब्दकोश वापरण्याची सवय असलेल्या वाचकाला हा क्रम परिचित होता. मात्र अरबी भाषेत धातूच्या व्यंजनांमध्ये स्वर बदलून शब्द बनतात, तर तुर्कीत धातू सहसा तसाच राहतो आणि त्याला एकामागून एक प्रत्यय जोडले जातात. परक्या साच्यात बसवलेली ही मांडणी आजच्या वाचकाला अवघड वाटते, त्यामुळे आधुनिक आवृत्त्यांना स्वतंत्र शब्दसूची जोडावी लागते.

क्रियापदाची नोंद ठरावीक पद्धतीने केलेली आहे. आधी तृतीयपुरुषी भूतकाळाचे रूप एका छोट्या वाक्यात येते, त्याचा अरबी अर्थ दिला जातो आणि शेवटी सामान्य वर्तमानाचे रूप व क्रियावाचक नाम येते. उदाहरणार्थ 'जाणे' या अर्थाच्या क्रियापदाची रूपे बार्दी, बारिर, बार्माक अशी दिली जातात. सामान्य वर्तमानाच्या प्रत्ययातील स्वर धातूवरून नेहमीच ओळखता येत नाही, म्हणून ते रूप स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक ठरते. आधुनिक तुर्कीत 'येणे' या क्रियापदाचे रूप गेलिर होते, परंतु 'बघणे' या क्रियापदाचे बाकार होते. आजचे तुर्की शब्दकोशही याच कारणासाठी हा प्रत्यय क्रियापदाजवळ देतात.

व्याकरणविचार

व्याकरणाचे नियम ग्रंथात एकत्र दिलेले नसून नोंदींच्या अनुषंगाने येतात. त्यांपैकी काही निरीक्षणे आजही तुर्की शिकणाऱ्यांना उपयुक्त ठरतात.

पाहिलेला आणि ऐकलेला भूतकाळ: तुर्की क्रियापदाला लागणाऱ्या -दी आणि -मिश या दोन प्रत्ययांतील भेद काश्गरी यांनी स्पष्टपणे नोंदवला आहे. बार्दी म्हणजे तो गेला आणि बोलणाऱ्याने ते पाहिले. बार्मिश म्हणजेही तो गेला, पण बोलणाऱ्याच्या समक्ष नव्हे. मराठीत 'तो गेला' आणि 'तो गेला म्हणे' या वाक्यांत साधारण असाच फरक आहे. मात्र मराठीत 'म्हणे' हा शब्द ऐच्छिक असतो आणि तो गाळला तरी वाक्य चुकत नाही. तुर्कीत हा भेद क्रियापदाच्या प्रत्ययातच असल्याने बोलणाऱ्याला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. आधुनिक तुर्कीत -मिश प्रत्ययाची व्याप्ती आणखी वाढलेली दिसते. ऐकीव बातमी, खुणांवरून काढलेला निष्कर्ष, अनपेक्षितपणे लक्षात आलेली गोष्ट आणि लोककथेतील निवेदन यांसाठी तो वापरला जातो. आपल्याला नकळत झोप लागली होती, हे जाग आल्यावर सांगताना तुर्की माणूस प्रथमपुरुषी उयुमुशुम असे म्हणतो, कारण स्वतःच्या झोपेचा तो साक्षीदार नसतो.

स्वरसंवाद: तुर्की शब्दातील स्वर एकमेकांशी जुळणारे असतात आणि प्रत्ययातील स्वर धातूनुसार बदलतो. अरबी लिपीत तुर्कीचे सर्व स्वर दाखवण्याची सोय नव्हती. काश्गरी यांनी हा भेद प्रामुख्याने व्यंजनांच्या आधारे समजावला. काही धातूंना -माक आणि काहींना -मेक प्रत्यय लागतो, याचा संबंध त्यांनी शब्दाच्या जड किंवा हलक्या उच्चाराशी जोडला. आधुनिक तुर्कीत बाकमाक (बघणे) आणि गेल्मेक (येणे) ही रूपे याच नियमाने होतात.

साहचर्य आणि चढाओढ: -श हा प्रत्यय लागला की क्रिया एकट्याची राहत नाही. काश्गरी यांच्या स्पष्टीकरणानुसार अशा क्रियापदातून कोणाला कामात मदत करणे किंवा त्याच्याशी चढाओढ करणे हा अर्थ निघतो. बिच म्हणजे कापणे आणि बिचिश्दी म्हणजे कापण्यात मदत केली. आधुनिक तुर्कीत हा प्रत्यय मुक्तपणे लावता येत नाही, मात्र अनेक क्रियापदांत तो टिकून आहे. गुल्मेक म्हणजे हसणे, तर गुलुश्मेक म्हणजे अनेकांनी मिळून हसणे. काच्माक म्हणजे पळणे, तर काचिश्माक म्हणजे सर्वांनी वाट फुटेल तिकडे पळणे.

इच्छा आणि बतावणी: सुव म्हणजे पाणी. त्यापासून पाण्याची इच्छा होणे, म्हणजे तहान लागणे, या अर्थाचे सुवसादी हे रूप काश्गरी देतात. आजच्या तुर्कीतील सुसामाक हे त्याचेच वंशज आहे. एखादी गोष्ट प्रत्यक्ष न करता केल्यासारखे दाखवणे यासाठीही तुर्कीत स्वतंत्र प्रत्यय होता. कुलुम्सिन्दी म्हणजे त्याने हसण्याचा आव आणला. आधुनिक तुर्कीतील गुलुम्सेमेक हे क्रियापद याच्याशी नाते सांगते, परंतु त्यातील बतावणीचा अर्थ मागे पडून त्याचा अर्थ केवळ स्मित करणे असा झाला आहे.

या सर्व उदाहरणांत एकच धातू प्रत्ययांच्या साहाय्याने निरनिराळ्या अर्थच्छटा धारण करतो. काश्गरी यांनी अशी साधित रूपे स्वतंत्र नोंदी म्हणून मोठ्या संख्येने दिल्यामुळे त्यांच्या कोशातूनच वाचकाला शब्दसिद्धीचा अभ्यास करता येतो.

बोलीभेद

काश्गरी यांनी तुर्की जमातींच्या बोलींची तुलना केली आणि ध्वनिबदलांचे नियम सांगितले. 'पाय' या अर्थाचा शब्द चिगिलांसारख्या काही जमाती अधाक, काही अयाक आणि काही अझाक असा उच्चारतात, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाच मूळ ध्वनीचे हे निरनिराळे परिणाम असून आधुनिक भाषाशास्त्रही तुर्की भाषांच्या वर्गीकरणासाठी हा निकष वापरते. शब्दारंभीचा त ओगुझ बोलीत द होतो, असेही त्यांनी नोंदवले. उंटाला इतर तुर्क तेवेय म्हणतात, तर ओगुझ देवेय म्हणतात. आधुनिक तुर्की ही ओगुझ शाखेतील भाषा असल्याने तिच्यात उंटाला देवे हा शब्द आहे. 'मी' या अर्थी इतर तुर्क मेन म्हणतात आणि ओगुझ बेन, हा भेदही आजपर्यंत टिकून आहे.

बोलींविषयी त्यांची मतेही स्पष्ट होती. ओगुझ बोली त्यांना सर्वांत सुटसुटीत, यग्मा आणि तुख्सी यांची बोली सर्वांत शुद्ध, तर काश्गरच्या खाकानी दरबाराची भाषा सर्वांत प्रौढ वाटत असे. शहरांत राहून दोन भाषा बोलणाऱ्यांच्या उच्चारात सरमिसळ होते, असे त्यांचे मत होते.

लोकजीवन आणि नकाशा

शब्दांचे अर्थ स्पष्ट करण्यासाठी काश्गरी यांनी दोनशेहून अधिक म्हणी आणि तितकीच पद्ये दिली आहेत. अल्प एर तुंगा या पुराणवीरावरील शोकगीताचे तुकडे केवळ या ग्रंथामुळे टिकून राहिले. पदार्थ, औषधे, खेळ, पोशाख, शस्त्रे आणि नातेसंबंध यांच्या नोंदींतून अकराव्या शतकातील तुर्की समाजाचे तपशीलवार चित्र उभे राहते. बारा प्राण्यांच्या नावांच्या वर्षचक्राची उत्पत्तिकथाही त्यात आहे. एका राजाने प्राण्यांना नदीकडे पळवले, त्यांपैकी बारा प्राणी नदी पार करून गेले आणि सर्वांत आधी पोहोचलेल्या उंदरापासून वर्षांची गणना सुरू झाली, असे ती कथा सांगते.

ग्रंथासोबत असलेल्या वर्तुळाकार नकाशात बालासागुन हे नगर केंद्रस्थानी आहे. समुद्र, नद्या, पर्वत आणि वाळवंटे निरनिराळ्या रंगांत दाखवली असून तुर्की जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य दिले आहे. हिंद आणि चीन यांसारखे देश कडेच्या भागांत येतात. पूर्वेकडील एक बेट जपान असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

लुप्त ग्रंथ

तुर्की वाक्यरचनेवर आपण 'किताब जवाहिर अन-नह्व फी लुगात अत-तुर्क' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिल्याचे काश्गरी यांनी सांगितले आहे. या ग्रंथाची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. तुर्की भाषेचे ते पहिले स्वतंत्र व्याकरण ठरले असते. 'दिवान'मधील व्याकरणविषयक टिपणे संक्षिप्त असण्याचे हेही एक कारण असावे, कारण वाक्यरचनेचा सविस्तर विचार त्यांनी दुसऱ्या ग्रंथासाठी राखून ठेवला होता.

हस्तलिखित आणि त्याचा शोध

काश्गरी यांच्या हातची मूळ प्रत उपलब्ध नाही. आजची एकमेव प्रत मुहम्मद इब्न अबी बक्र या साव्याच्या रहिवाशाने दमास्कस येथे इ.स. १२६६ मध्ये लेखकाच्या प्रतीवरून तयार केली. तिची ३१९ पाने आहेत. प्रतकाराचे तुर्कीचे ज्ञान बेताचे होते आणि पुढे इतर हातांनीही तिच्यातील स्वरचिन्हे बदलली, असे संपादकांना आढळले आहे. सतराव्या शतकातील ग्रंथसूचीकार कातिप चेलेबी यांना हा ग्रंथ माहीत होता. त्यानंतर मात्र तो विस्मृतीत गेला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे हस्तलिखित इस्तंबूलच्या ग्रंथबाजारात विक्रीस आले. अली एमिरी या ग्रंथसंग्राहकाने त्याचे मोल ओळखून ते सुमारे ३० लिरांना विकत घेतले. त्या वेळी त्यांच्याजवळ पुरेसे पैसे नव्हते आणि मित्राकडून उसने मिळेपर्यंत ते दुकानातच थांबून राहिले, अशी हकीकत सांगितली जाते. ग्रंथ हाती आल्यानंतर प्रारंभी ते तो कोणास दाखवण्यासही तयार नव्हते. पाने सुटी आणि विस्कळीत होती. किलिसली रिफात यांनी ती अनुक्रमाने लावली आणि त्यांच्याच संपादनाखाली इ.स. १९१५ ते १९१७ या काळात ग्रंथ तीन खंडांत प्रथमच छापला गेला. अली एमिरी यांनी आपला संग्रह इस्तंबूलच्या फातिह भागातील मिल्लेत ग्रंथालयाला दिला. हस्तलिखित तेथेच आहे.

अनुवाद आणि प्रभाव

जर्मन प्राच्यविद्याविशारद कार्ल ब्रोकेलमान यांनी इ.स. १९२८ मध्ये या ग्रंथातील शब्दसंग्रह जर्मन अर्थांसह प्रसिद्ध केला. बेसिम आतालाय यांचा तुर्की अनुवाद अंकारा येथे इ.स. १९३९ ते १९४१ या काळात निघाला आणि त्याची शब्दसूची इ.स. १९४३ मध्ये प्रकाशित झाली. सालिह मुतल्लिबोव यांचा उझ्बेक अनुवाद इ.स. १९६० ते १९६३ दरम्यान ताश्कंदला, तर उइगुर अनुवाद इ.स. १९८१ ते १९८४ दरम्यान उरुम्ची येथे प्रसिद्ध झाला. रॉबर्ट डँकॉफ आणि जेम्स केली यांचा इंग्रजी अनुवाद इ.स. १९८२ ते १९८५ या काळात आला.

इ.स. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेने अरबी व फारसी शब्दांना पर्याय शोधताना या ग्रंथाचा आधार घेतला. आज 'उत्तर' या अर्थी प्रचलित असलेला यानित हा शब्द काश्गरी यांच्या कोशातील यानुत या शब्दावरून घेतलेला आहे. मूळ अरबी जेवाप हा शब्दही तुर्कीत टिकून आहे आणि दोहोंपैकी कोणता शब्द वापरला यावरून बोलण्याचा सूर बदलतो. मराठी वाचकाला परिचित असा जवाब हा शब्द तोच होय.

काश्गरी यांनी नोंदवलेल्या काही शब्दांचे वंशज फारसीमार्गे भारतीय भाषांत पोहोचले. मुक्काम हलवणे या अर्थाच्या कोच या तुर्की शब्दापासून मराठीतील कूच हा शब्द आला. राजाच्या निवासस्थानासाठी त्यांनी दिलेला ओर्दू हा शब्द पुढे लष्करी छावणीसाठी रूढ झाला आणि त्यावरून उर्दू भाषेला तिचे नाव मिळाले.

स्मृती

काश्गरी यांच्या जन्माच्या सहस्राब्दीनिमित्त युनेस्कोने इ.स. २००८ मध्ये त्यांचे स्मरण केले. इ.स. २०१७ मध्ये 'दिवान'च्या हस्तलिखिताचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत करण्यात आला. तुर्कस्तान, उझ्बेकिस्तान, किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि अझरबैजान या देशांत तसेच उइगुर समाजात त्यांना आपल्या भाषेच्या अभ्यासाचे आद्य प्रवर्तक मानले जाते.